पिवळं

“पिवळं,” मी म्हणाले, आणि मधूनं हातातला कप बशीत ठेवायचा तो टेबलावरच ठेवला. माझा मुलगा टापटिपीचा आहे. साताऱ्याला पाटबंधाऱ्यात इंजिनियर आहे, कागदावर साधी रेघसुद्धा पट्टीशिवाय मारत नाही. त्यानं कप टेबलावर ठेवला म्हणजे माझं काहीतरी चुकलं होतं. मी सांगलीहून चार दिवस त्याच्याकडं आले होते. समोर त्याचा मित्र बसला होता, डॉक्टर शरच्चंद्र. सहज चहाला आलो म्हणाला. सहज चहाला आलेला माणूस ताटलीत किल्ली, कंगवा, काडेपेटी आणि हळकुंड मांडून बसत नाही, एवढं मला कळत होतं. पण म्हटलं, चालू दे. किल्लीला किल्ली म्हणाले. कंगव्याला कंगवा म्हणाले, वर याचे दात पडलेत, नवा आणा, असंही सांगितलं. वार सांगितला, महिना सांगितला, देशाचा कारभार कोण चालवतं ते सांगितलं आणि कसा चालवतं तेही सांगणार होते, पण मधूनं घाईघाईनं ताटली पुढं सरकवली. मग डॉक्टरांनी ते हळकुंड उचलून माझ्या नाकासमोर धरलं. “आणि हे काय, मावशी?” “पिवळं.” “रंग नाही विचारत मी. नाव सांगा याचं.” मी तोंड मिटून घेतलं. माझी सून अंजना दारात उभी होती, तिनं पदराशी चाळा सुरू केला. ते हळकुंड मधूनंच स्वयंपाकघरातून आणलं होतं, जाताना मला दिसला होता. सगळ्यांत सोपी वस्तू म्हणून आणलं असणार. आईला बाकी काही नाही आलं तरी हे येईलच. त्याच्या परीक्षेच्या दिवसांत मीसुद्धा त्याला आधी येणारं गणित घालत असे.

आमच्या घरात दिवा लागल्यावर त्या वस्तूचं नाव घेत नाहीत. मी वाईची, शाळामास्तरांची मुलगी. लग्न होऊन सांगलीला आले, पहिल्याच संध्याकाळी फोडणी करताना विचारलं, “हळद कुठं आहे?” तर सासूबाईंनी हातातली पळी ओट्यावर आपटली. सासऱ्यांची अडत होती. शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून द्यायचा आणि आपली अडत घ्यायची, हा धंदा. माल एकच. दिवेलागण झाली आणि मालाचं नाव तोंडातून निघालं की दुसऱ्या दिवशी भाव पडतो, ही त्या घराची पक्की समजूत. मग संध्याकाळनंतर काय म्हणायचं? पिवळं म्हणायचं. दुधात पिवळं घाल. गुडघा फुटला, पिवळं दाब. आमटीत आज पिवळं जास्त झालं. मला हसू यायचं. हसता हसता वर्ष गेलं आणि माझीही जीभ तशीच वळायला लागली. पुढं सासूबाई गेल्या, सासरे गेले, मधूचे वडील गेले, अडत दुसऱ्यांच्या हातात गेली. आता पडायला माझ्या घरात भावच उरला नाही, पण जीभ वळण सोडत नाही. हे एवढंसं डॉक्टरांना सांगितलं असतं तर तिथल्या तिथं मिटलं असतं. सगळे हसले असते, मधूनं कप बशीत ठेवला असता. मी सांगितलं नाही. रागानं सांगितलं नाही, हे खरं आहे. साठीच्या बाईला ताटलीतल्या वस्तू ओळखायला लावतात आणि वर मावशी म्हणतात, याचा मला संताप आला होता. पण रागाच्या आतही काहीतरी होतं. मला दिवा आठवत नव्हता. लागला होता का तो? खिडकीतून अजिंक्यतारा अजून दिसत होता, उजेड धड गेलेला नव्हता. मी दिवा बघून पिवळं म्हणाले, की खरा शब्द घ्यायला गेले, तो जागेवर नव्हता आणि शेजारी पडलेलं पिवळं हाताला लागलं? तोंड मिटून बसले होते तेव्हा मी जिभेनं शोधत होते. कडवटपणा होता, वास होता, शेताची ओली माती होती. नाव नव्हतं. मला भीती वाटली. आत्ताही वाटते, लपवण्यात काही अर्थ नाही.

डॉक्टर बूट घालताना माझ्याशी गोड बोलत होते. झोप लागते का, जेवण जातं का. मी सांगितलं, सगळं व्यवस्थित, रोज सकाळी दुधातून घेते, त्यानं डोकं ताजं राहतं असं सासूबाई म्हणायच्या. काय घेते ते मी बोलले नाही, त्यांनीच ओळखलं. “हळद?” ते हसले. “हळदीनं आठवण टिकत असती तर सांगलीत कुणी काही विसरलंच नसतं, मावशी. तिथं तर वाऱ्यातच हळद आहे.” दिव्याखाली उभं राहून तो माणूस एका दमात तीनदा ते नाव बोलला. सासूबाई असत्या तर काही खरं नव्हतं. मी मात्र दचकले ते वेगळ्याच कारणानं. शब्द ऐकल्याबरोबर मला वाटलं, हां, हाच. बाजारात हरवलेली पिशवी कुणी आणून दिल्यावर वाटतं तसं वाटलं. म्हणजे हरवली होती का? रात्रीच्या जेवणाला मधूनं ताटावर बसल्या बसल्या निकाल सांगितला. “आई, तू आता इथंच राहायचं. सांगलीच्या खोल्या महिनाअखेर सोडून देऊ. मालकांशी मी बोलतो.” मी म्हटलं, “आणि माझं कुंकू? गिऱ्हाईकांना काय सांगू?” “पुरे आता ते कुंकू. गॅसवर दूध ठेवून तू खाली गेलीस, शेजारचे धावले म्हणून निभावलं. गणपती पेठेत उभी होतीस, घरचा रस्ता आठवेना म्हणून. खोटं आहे का?” खोटं नव्हतं. दूध उतू गेलं होतं. पेठेतही मी थोडा वेळ उभी होते आणि दोन्हीकडचे रस्ते मला सारखेच दिसत होते. पण मग मीच घरी आले होते की. कुणी हाताला धरून आणलं नव्हतं. उदबत्तीच्या दुकानापासून वळायचं ते मिरचीच्या दुकानापर्यंत जायचं, तिथं ठसका लागला की डावीकडं आपली गल्ली. मी नाकानं आले. हे मधूला सांगून त्याचं समाधान झालं नसतं. इंजिनियर माणसाला नकाशा लागतो.

दुसऱ्या दिवशी तो कालव्याच्या कामावर गेला आणि मी पिशवी भरली. अंजनाला म्हटलं, “मी जाते.” ती भांडी पुसत होती. “ह्यांना सांगितलंत?” “संध्याकाळी तू सांग.” मला वाटलं होतं, ही आता दारात आडवी येणार. ही मुलगी म्हसवडकडची, माणदेशातली, कमी बोलणारी. तिच्या मनात काय आहे ते मला इतक्या वर्षांत नीट कळलेलं नाही. तिनं हात पुसले, दशम्या आणि चटणी बांधून दिली आणि म्हणाली, “आई, माझं कुंकू संपत आलंय. पाठवाल ना?” बस, एवढंच. स्टँडपर्यंत मी त्या एका वाक्यावर चालत गेले. तिकीट फाडायला कंडक्टर आला तोपर्यंत मी सांगली, सांगली, सांगली असं मनात घोळवत होते, त्यानं “कुठं, आज्जी?” म्हटल्यावर इतक्या जोरात सांगितलं की पुढच्या बाकावरचं पोर रडायला लागलं. मग खिडकीशी बसून मी स्वतःची परीक्षा घेतली. डॉक्टरांच्या ताटलीतली नाही, माझी. आमच्या धंद्यात भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघांचे हात एका रुमालाखाली जातात, बोटं धरायची, पेरं दाबायची, आजूबाजूला पन्नास माणसं उभी असोत, भाव फक्त त्या दोन हातांना कळतो. पटलं तर मान हलते, नाहीतर हात बाहेर येतो. बायकांचं तिथं काही काम नव्हतं. पण मधूच्या वडिलांनी मला ती भाषा शिकवली, लग्नाच्या पहिल्या थंडीत, पांघरुणाखाली. माझी बोटं धरून म्हणायचे, बोला, काय दिलं मी? चुकले की पुन्हा. मी मुद्दाम चुकायची. आता पदराखाली माझाच डावा हात मी उजव्यानं धरला आणि एकेक भाव देत गेले, घेत गेले. एकही चुकला नाही. पेर दाबलं की त्यांच्या हाताची खरबरीत कातडीसुद्धा आठवत होती, आणि नखांत कायम राहिलेला तो रंग. ते गेले तेव्हाही त्यांची नखं पिवळीच होती. बायका म्हणाल्या, कावीळ झाली होती का? मी रडायचं सोडून त्यांच्यावर ओरडले होते, कावीळ कसली, धंदा आहे तो आमचा.

कऱ्हाड मागं पडलं आणि वास आला. फाल्गुनाचे दिवस, शेताशेतांत कढया चढलेल्या. वाळक्या पाल्याचा जाळ, वर ओलं पोतं झाकलेलं, आणि आत शिजणारा तो माल. हा वास स्वयंपाकघरातल्या डब्याचा नव्हे. त्यात माती आहे, धूर आहे, काहीतरी आजारपणासारखं उग्र आहे आणि तरी भूक लागते. माझ्या शेजारी सुट्टीवर निघालेला एक मिलिट्रीतला गडी बसला होता, साताऱ्यापासून गप्प. तो एकदम खिडकीकडं झुकला. “आलं बगा आज्जी, घर आलं.” मी म्हटलं, “कुठलं गाव?” “तासगावच्या अल्याड. अजून लय लांब हाय. पर ह्यो वास आला म्हंजे आलंच की.” मग आपणहून सांगायला लागला. “तिकडं आसामात हुतो. जखमंला लावाय हळद उगाळली एकानं, आन् काय सांगू, माझी आय, खळं, बैलं, समदं हुबं ऱ्हायलं म्होरं. मेलेला बैल बी. रडलो की वं मी. पोरं हसाय लागली.” त्याला लाज वाटली असावी, तो सरळ बसला. मला त्या डॉक्टरांची आठवण झाली. हळद खाऊन आठवण टिकते की नाही, ते मला सांगता येणार नाही. सासूबाई रोज खात होत्या आणि शेवटी शेवटी मला कधी आपली बहीण समजायच्या, कधी मोलकरीण. पण त्याच सासूबाईंसमोर मी नवा माल चाळायला बसले की त्या आपणहून सूप ओढून घ्यायच्या, किडकं हळकुंड बाजूला काढायच्या आणि मला बरोबर नावानं हाक मारायच्या, “सुहासिनी, हे कुणी आणलं ग पोकळ?” सूप उचललं की पुन्हा बहीण. तेव्हा मला ते विचित्र वाटायचं. बसमध्ये वाटलं, खाऊन नव्हे, हळदीत बसून आठवण राहत असेल. आणि ही माणसं मला त्यातूनच उचलून साताऱ्याच्या स्वच्छ क्वार्टरमध्ये ठेवणार, जिथं फिनेलचा वास येतो.

मी मनात केव्हाचं ते नाव घेत होते, हे इस्लामपूर आल्यावर माझ्या लक्षात आलं. दिवसाचं घेत होते. ऊन होतं ना.

सांगलीला वखारभागात माझ्या दोन खोल्या आहेत, एका गोदामाच्या माडीवर. जिना चढताना तिसऱ्या पायरीपासून घशात वास बसतो. नवीन माणूस शिंकतो. वर साळूबाई, माझ्याबरोबर कुंकू करणारी, लिंबं पिळत बसली होती. ती हरिपूरची, तिच्या नवऱ्याचा जन्म पेवात गेला. पेव म्हणजे नदीकाठच्या मातीत खोल खणलेली विहीर, फक्त पाण्याऐवजी हळद. वर्षानुवर्षं आत ठेवली तरी कीड लागत नाही. “आवं वैनी! चार दिस ऱ्हानार हुतासा न्हवं?” मी पिशवी ठेवली आणि खोल्या सोडायच्या ठरल्यात ते सांगून टाकलं. तिचा हात थांबला. “मग मी कुटं जाऊ?” मला तेच बरं वाटलं. माझ्या तब्येतीची चौकशी करणारी माणसं मी कालपासून बघत होते. हिला स्वतःची काळजी पडली होती. मग मी ताटलीची गोष्ट सांगितली. ती तोंडाला पदर लावून हसली. “आता ग बया! दिवं लागल्यावर नाव घेत्यात व्हय? डाक्टरला येवढं बी ठावं न्हाई?” “दिवा लागला होता का तेच मला आठवत नाही, साळू.” ती हसायची थांबली. तिनं अर्धी लिंबं माझ्याकडं सरकवली. मग म्हणाली, “न्हाई आठवत तर ऱ्हाऊ द्या. मला तरी कुटं आठवतं, काल काय रांधलं ते.” समजूत घालायला तिला काही चांगलं सुचलं नाही, आणि तिनं उगाच सुचवूनही घेतलं नाही.

आम्ही कुंकू करतो. हळकुंडं लिंबाच्या रसात मुरवायची, टाकणखार घालायचा, तुरटी घालायची, की पिवळ्याचं लाल होतं. सावलीत वाळवायचं, कुटायचं, कापडातून चाळायचं. मधूचे वडील गेल्यावर वर्षभर मी नुसती बसून होते आणि मग हे सुरू केलं. गावभागातल्या बायकांना आधी पटलं नाही. विधवेच्या हातचं कुंकू! एक तर तोंडावर म्हणाली, “तुमचं नाव सुहासिनी आहे म्हणून काय झालं?” लग्नात माझं नाव वाचताना भटजी चुकून सुवासिनी म्हणाले होते, तेव्हापासून घरात त्यावर विनोद चालायचे, नवरा गेल्यावर तो विनोद कुणी करेना. मीच केला. म्हटलं, बाई, तुमच्या बाजारच्या कुंकवानं कपाळाला फोड येतात, माझ्यानं येत नाहीत. लावायचं तर लावा, नाहीतर फोड मिरवा. पुढं त्याच बाईनं सगळ्या गल्लीला माझं कुंकू लावलं. मी स्वतः लावत नाही. ते शास्त्र म्हणून नव्हे; ज्यांनी बघायचं ते नाहीत. पण संध्याकाळी हात धुतले तरी बोटांवर लाल राहतं, ते मी पुसत बसत नाही. त्या दिवशीही मी घाईनं कामाला बसले, काही सिद्ध करायचं असल्यासारखी. घमेल्यात रस होता, टाकणखार पडला होता, मी तुरटीची वाटी उचलली आणि साळूबाईनं माझं मनगट धरलं. “वैनी, आत्ताच घातली की.” मला आठवेना. घातल्याचं काहीच आठवेना. हात कोरडे, वाटी अर्धी, आणि मधला तो क्षण कुणी कापून नेलेला. मधू खरा होता. डॉक्टर खरे होते. मी घमेल्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. जीभ आवळून आली. तुरटी होती, बेताची होती. म्हणजे जी मी विसरले ती जिभेनं सांगितली. मी बसून राहिले, डोळे पुसले, मग उठून उरलेली तुरटी डब्यात ओतली आणि वाटी जमिनीवर पालथी घातली. घातली की वाटी पालथी. दूध गॅसवर ठेवलं की झाकण पालथं. कुलूप लावलं की किल्ली दाराच्या खिळ्याला नाही, माझ्या कमरेला. साळूबाई म्हणाली, “पालथं घालू नगा, अपशकुन अस्तो.” मी म्हटलं, “असू दे. डोक्यात जागा नसली तर जमिनीवर भरपूर आहे.” संध्याकाळपर्यंत घरभर वाट्या पालथ्या पडल्या होत्या आणि एकही काम दोनदा झालं नव्हतं, की राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मधू आला. जिन्यात शिंकला, म्हणून मला आधी कळलं; हा इथं वाढला आणि आता शिंकतो. साळूबाईनं नुकतंच बटण दाबलं होतं, दिवा लागला होता, या वेळी मी तो नीट बघून ठेवला. मधू दारात उभा राहिला. वाट्यांकडं बघितलं. “हे काय?” “माझी पद्धत.” “आई, न सांगता निघून आलीस.” “अंजनाला सांगितलं.” “मला नाही सांगितलंस.” “तू जाऊ दिलं नसतंस.” तो खुर्चीवर बसला. खरं तर तो रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. लहानपणी ताप चढला की असाच दिसायचा, ओठ पांढरे. “शरद म्हणाला, हे वाढतच जाणार. आज शब्द गेला. उद्या रस्ता जाईल. परवा मी समोर येईन आणि तू म्हणशील, आपण कोण? तेव्हा तू इथं एकटी, गॅस चालू, काय करायचं मी?” त्याचा आवाज फाटला. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि घेतलं असतं तर त्यानं मला तसंच उचलून बसमध्ये बसवलं असतं. म्हणून मी जागची हलले नाही. “वाढणार असेल,” मी म्हटलं. “मी नाही म्हणत नाही. सासूबाईंचं बघितलंय मी. पण तुझ्या घरी मला विसरायलासुद्धा माझं काही नाही, मधू. तिथं मी किल्ली विसरेन, कंगवा विसरेन, आणि तुम्ही रोज संध्याकाळी ताटली घेऊन याल. इथं जे जाईल ते माझं जाईल. विसरायचं तर मी इथंच विसरेन.” “हा हट्ट आहे.” “हट्टच आहे.” “तुझी शुद्ध आहे तोवरच हट्ट करशील. मग?” “मग साळूबाई आहे, तू आहेस. तेव्हाचं तेव्हा. आज माझी शुद्ध आहे आणि आज मी येत नाही.” साळूबाई भिंतीला टेकून उभी होती. तिला उद्देशून तो म्हणाला, “साळूमावशी, तुम्ही तरी समजवा.” ती म्हणाली, “मी काय समजावू, बाबा? माजं प्वाट हाय हितं.”

मग त्यानं तेच केलं जे त्याचे वडील करायचे. बोलणं संपलं की हातानं काम काढायचे. तो उठला आणि मांडणीवरचे पत्र्याचे डबे एकेक खाली काढायला लागला. “हे आजच बांधतो. तू बसून रहा.” मी बसले नाही, पण अडवलंही नाही, मला वाटत होतं, हा दोनतीन डबे काढील आणि दमेल. कुंकवाचा मोठा डबा घट्ट बसला होता. त्यानं कडेला बोटं घालून ओढला, कड सुटली आणि तळहात चांगला लांबवर चिरला. रक्त मनगटावरून शर्टाच्या बाहीत गेलं. “आई ग!” तो ओरडला. “पिवळं! साळूमावशी, पिवळं आणा आधी! आई, पिवळं दे!”

साळूबाई पिवळ्याच्या डब्याकडं वळली होती, ती वळलेलीच थांबली. मधू हात वर धरून उभा होता आणि हळूहळू त्याचे डोळे वर गेले, दिव्याकडं. मग माझ्याकडं. पंधरा वर्षं तो या घराबाहेर आहे, पुण्याला शिकला, साताऱ्याला नोकरी, दुधात काय घालतात ते अंजनाला तो कुठल्या शब्दानं सांगतो देव जाणे. “म्हणजे तू,” तो म्हणाला, “म्हणजे त्या दिवशी तू...” हो म्हणणं सोपं होतं. एका हो वर सगळं मिटलं असतं, खोल्या राहिल्या असत्या, डॉक्टर खोटे ठरले असते. “मला माहीत नाही,” मी म्हटलं. “दिवा असेल, डोकं असेल. मला खरंच माहीत नाही. आणि तरी मी येत नाही.” मी पिवळ्याच्या डब्यात हात घातला, मूठ भरली आणि त्याचा तळहात माझ्या हातात घेऊन जखमेवर दाबून धरली. तो कळवळला. त्याची बोटं माझ्या बोटांत आली, वडिलांसारखीच लांब, पण नखं स्वच्छ. रक्त आणि ती पूड मिसळून लाल गारा झाला, कुंकवासारखा, आणि दोघांच्या हातांवरून खाली पालथ्या वाटीवर ठिबकला. मी हात सोडला नाही.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“पिवळं,” तो म्हणाला.

“रंग नाही विचारला. नाव सांग.”

त्यानं तोंड उघडलं. दिव्याकडं बघितलं. इतका शिकलेला माणूस, धरणाच्या भिंती मोजतो, पण त्याची जीभ उचलेना. साळूबाई पुटपुटली, “नगा वैनी, दिवा लागलाय.” मी त्याच्या हाताचं पेर दाबलं, एकदा, दोनदा, तो भाव त्याला ठाऊक नव्हता. मग मी मान वर केली आणि दिव्याखाली, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, खालच्या गोदामात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, “हळद. हळद आहे ही. पडायचा असेल भाव, तर पडू दे.”